‘पाटकरी’ हा नवा क्लास डिजिटल टेबलावर कसा उभा करावा?

शिरपूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच मित्रांचा गट दर शनिवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्र बनून खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती ऑनलाइन खेळतो आणि सर्वांची कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्रांची माहितीपत्रके, डी अँड डी बियाँड या संकेतस्थळावर आहेत. त्यांपैकी एकाचे आजोबा साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या फडावर पाटकरी, म्हणजे पाटाचे पाणी सोडणारे, होते. त्यांच्या आठवणीतून ‘पाटकरी’ नावाचा स्वतंत्र क्लास, म्हणजे खेळातल्या पात्राचा पेशा, करावा असे गटाने ठरवले. परंतु होमब्रूच्या, म्हणजे खेळाडूंनी स्वतः रचलेल्या गोष्टींच्या, पानावर सबक्लास (क्लासची उपशाखा), स्पेल, जादूची वस्तू, मॉन्स्टर असे सगळे करता येते, क्लास मात्र कोठेच सापडत नाही. तेव्हा साधन कोणते वापरावे आणि सुरुवात कोठून करावी, असे त्यांनी विचारले आहे.

आधी शंका मिटवतो. तुमच्या शोधण्यात काही चूक झालेली नाही. डी अँड डी बियाँडवर वापरकर्त्याला सबक्लास करता येतो, संपूर्ण क्लास करता येत नाही. ऑनलाइन टेबलाची दुसरी साधने पाहिली तर फाउंड्रीमध्ये तो पूर्णपणे करता येतो, फँटसी ग्राउंड्समध्येही करता येतो आणि रोल२० वर अर्धे काम शीट करते व अर्धे आपल्याला हाताने करावे लागते. तरीही माझा आग्रह असा आहे की साधनाची निवड सर्वांत शेवटी करावी. गेली काही वर्षे मी धुळ्यात बसून ऑनलाइन टेबले चालवतो आहे आणि इतरांचे होमब्रू दुरुस्त करून देतो आहे. बिघडलेल्या क्लासांत मला साधनाचा दोष क्वचितच आढळला. प्लॅटफॉर्म तुमचा हिशेब ठेवतो. तो हिशेब न्याय्य आहे की नाही, हे तो तपासत नाही. सूत्र व्याकरणाने बरोबर असले की त्याचे समाधान होते.

सबक्लास आणि क्लास यांतला फरक येथेच कळतो. सबक्लास हा उभ्या झाडावर केलेल्या कलमासारखा असतो. मूळ, खोड आणि त्यांची ताकद आधीच ठरलेली असते. क्लास लिहिताना मात्र हिट डाय (प्राणशक्ती ठरवणारा फासा) कोणता, कोणत्या दोन सेव्हिंग थ्रोमध्ये (संकटातून वाचण्यासाठीच्या फेकीत) प्रावीण्य, शस्त्रे व चिलखत कोणती, सबक्लास कोणत्या लेव्हलला, स्पेल स्लॉट (मंत्र वापरण्याचे साठे) आहेत की नाहीत, आणि दुसऱ्या क्लासचा खेळाडू यात एकच लेव्हल घेऊन आला तर त्याला काय द्यायचे, हे सगळे आपल्यालाच ठरवावे लागते. म्हणून माझी पहिली सूचना अशी आहे की वहीच्या एका पानावर १ ते २० अशा ओळी आखा आणि त्या भरल्याशिवाय कोणत्याही प्लॅटफॉर्मवर लॉगिन करू नका. ४, ८, १२, १६ आणि १९ या ओळी ॲबिलिटी स्कोअर (पात्राच्या मूळ गुणांचे आकडे) वाढवण्यासाठी आधीच गेलेल्या असतात. २०२४ च्या सुधारित नियमांप्रमाणे खेळत असाल तर सबक्लास ३ऱ्या लेव्हललाच येतो. २०१४ च्या नियमांत तो क्लासनुसार १, २ किंवा ३ या लेव्हलला येत असे. उरलेल्या ओळींतली कोणती ओळ रिकामी राहते, हे कागदावर जितके लख्ख दिसते तितके संगणकाच्या पडद्यावर दिसत नाही.

आता पाटकऱ्याकडे येतो, कारण तुमची कल्पना मला मनापासून आवडली आहे. फड पद्धत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पांझरेसारख्या नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी वळवतात, बंधाऱ्याखालचे क्षेत्र काही फडांत विभागतात, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे असते आणि शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असते. पाणी कमी पडले तर एखादा फड कोरडा ठेवतात. त्यामुळे तूट एकाच्याच माथी न बसता सर्वांत वाटली जाते. पाणी सोडण्याचे काम शेतकरी स्वतः करत नाही, ते पाटकरी करतो. म्हणजे पाटकऱ्याची खरी ताकद पाणी असण्यात नाही. या घडीला पाणी कोणाला द्यायचे आणि कोणाला थांबवायचे, हे ठरवण्यात आहे. तुमच्या पहिल्या मसुद्यात ‘पाण्याचा गोळा फेकतो’, ‘पाण्याची भिंत उभी करतो’ अशा क्षमता आहेत. त्या ड्रुइड आणि विझर्ड या क्लासांकडे आधीपासूनच आहेत. पाटकऱ्याकडे असावी अशी क्षमता निराळी आहे: लढाईच्या मैदानाचे तीन फड कल्पावेत, शत्रू, सोबती आणि जमीन; आपल्या टर्नला पाणी यांपैकी एकाच फडाला सोडता यावे आणि उरलेले दोन त्या राउंडपुरते कोरडे राहावेत. शत्रूच्या फडात पाणी गेले तर जादा इजा, सोबत्याच्या फडात गेले तर तात्पुरते हिट पॉइंट (प्राणशक्ती), जमिनीत गेले तर चिखल आणि मंदावलेली चाल. अशी एकच निवड प्रत्येक राउंडला करावी लागणे, हाच या क्लासचा कणा ठरेल.

या निवडीसाठी मोजके साठे लागतील. त्यांना ‘पाणीपाळी’ म्हणा. नुसते ‘पाळी’ म्हणू नका, कारण मराठीत खेळणारे आपण ‘आता तुझी पाळी’ हे वाक्य टर्नसाठी सहज वापरतो, आणि ‘पाळीत एकदा’ असे क्षमतेच्या वर्णनात लिहिले की साठ्याबद्दल बोलणे चालले आहे की टर्नबद्दल, यावर अर्धा तास वाद होतो. पाणीपाळ्यांची संख्या मी अशी सुचवेन: १ल्या लेव्हलला २, ५व्या लेव्हलला ३, ९व्याला ४, १३व्याला ५ आणि १७व्याला ६, शॉर्ट रेस्ट, म्हणजे छोटी विश्रांती, घेतली की पुन्हा भरतील. खर्च केलेल्या पाणीपाळीतून मिळणारा फासा शत्रूच्या फडात दोनदा टाकावा. तो सुरुवातीला डी६ (सहा बाजूंचा फासा), ५व्या लेव्हलपासून डी८, ११व्यापासून डी१० आणि १७व्यापासून डी१२ असा वाढावा. हिट डाय डी८ ठेवावा. सेव्हिंग थ्रो विस्डम आणि स्ट्रेंग्थ असावेत. डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन आणि विस्डम हे सेव्ह खेळात वारंवार लागतात, स्ट्रेंग्थ, इंटेलिजन्स आणि करिष्मा कमी लागतात. मूळ बाराही क्लासांना या दोन गटांतून प्रत्येकी एकेक मिळालेला आहे आणि ती घडी मोडण्याचे कारण तुमच्याकडे नाही.

पाणीपाळ्यांचे आकडे नीट पाहिलेत तर तुमच्या लक्षात येईल की ते प्रोफिशिअन्सी बोनसचेच, म्हणजे प्रावीण्य असलेल्या फेकीत मिळवायच्या आकड्याचेच, आकडे आहेत: १ ते ४ या लेव्हलला २, ५ ते ८ ला ३, आणि पुढे तसेच. तेव्हा वेगळा तक्ता भरण्याऐवजी ‘प्रोफिशिअन्सी बोनसइतक्या पाणीपाळ्या’ एवढे एक वाक्य लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. मी स्वतः त्याला बळी पडलो आहे. काही वर्षांपूर्वी मी ‘जागल्या’ नावाचा क्लास केला होता. त्यात ‘हाक’ या क्षमतेचे वापर मी प्रोफिशिअन्सी बोनसला जोडले. मोहीम ९व्या लेव्हलला आली तेव्हा टेबलावर एक मुलगी होती जिने नऊच्या नऊ लेव्हल जागल्याच्या घेतल्या होत्या, आणि एक मुलगा होता ज्याने आठ लेव्हल फायटरच्या घेऊन जागल्याची फक्त एक घेतली होती. दोघांच्या शीटवर ‘हाक’ समोर ४ हाच आकडा होता. त्याने एका लढाईत दोन हल्ले केले, हाक मारली, पुन्हा दोन हल्ले केले, पुन्हा हाक मारली. त्या मुलीने आपली शीट उघडली, आकडा पाहिला आणि म्हणाली, “दादा, मग मी नऊ लेव्हल कशासाठी घेतल्या?” माझ्याकडे उत्तर नव्हते. प्रोफिशिअन्सी बोनस एकूण लेव्हलवर वाढतो, क्लासच्या लेव्हलवर नव्हे, हे मला माहीत होते. सूत्र लिहिताना त्याचा परिणाम कोणाच्या पदरात पडेल, याचा विचार मी केला नव्हता.

म्हणून क्लासचा गाभा असलेली कोणतीही गोष्ट त्या क्लासच्या लेव्हललाच जोडा. वरच्या तक्त्याप्रमाणे १ लेव्हल पाटकरी आणि १६ लेव्हल फायटर असलेल्या पात्राला २ पाणीपाळ्या मिळतील. प्रोफिशिअन्सीला जोडल्या असत्या तर ६ मिळाल्या असत्या. एकूण लेव्हलवर वाढू द्यायच्याच असतील तर किरकोळ गोष्टी वाढू द्या.

इजेचा हिशेबही एकदा कागदावर मांडा. नेम लागण्याची शक्यता ६५ टक्के धरून आणि क्रिटिकल (दुप्पट फाशांचा फटका) बाजूला ठेवून चालू. ५व्या लेव्हलचा ग्रेटसोर्डवाला फायटर, स्ट्रेंग्थचा मॉडिफायर ४ असताना, एका फटक्यात सरासरी ११ इजा करतो; दोन फटके, म्हणजे २२ आणि त्याचे ६५ टक्के म्हणजे राउंडला १४.३. त्याच लेव्हलचा रोग (बेसावध शत्रूवर वार करणारा क्लास) एका फटक्यात ८.५ अधिक स्नीक अटॅकचे १०.५ असे १९ देतो, म्हणजे राउंडला साधारण १२.४. आता पाटकरी दोन हातांनी भाला धरून एकच फटका मारतो: ८.५, आणि पाणीपाळी खर्च केली तर दोन डी८ चे ९ अधिक, म्हणजे १७.५. चार राउंडच्या लढाईत तीन पाणीपाळ्या फटक्याआधीच जाहीर करून वापरायच्या असतील तर सरासरी राउंडला ९.९ पडते. नेम लागल्यावर पाणीपाळी खर्च करायची मुभा दिली तर तीच सरासरी ११ च्या आसपास जाते, आणि हुकलेल्या फटक्यावर पाणी वाया गेल्याची खंतही राहत नाही. मी दुसरा पर्याय घेईन. पाटकरी रोगच्या किंचित मागे राहतो, पण त्याच पाण्यातून तो सोबत्याला वाचवू शकतो आणि वाट चिखलाची करू शकतो. त्याची किंमत म्हणून एवढी तूट मला योग्य वाटते. यापुढे त्याला ५व्या लेव्हलला दुसरा हल्ला मात्र देऊ नका. तो दिला की हा हिशेब कोलमडतो.

एवढे झाले की मग साधन. तुमचा गट डी अँड डी बियाँड सोडायला तयार नसेल तर एखाद्या जुन्या क्लासचा सबक्लास म्हणून पाटकरी लिहिता येईल; परंतु मूळ क्लासच्या क्षमता त्यातून काढून टाकता येत नाहीत आणि नव्या क्षमता सबक्लासच्या ठरलेल्या लेव्हललाच बसवाव्या लागतात. येथे मूळ क्लास निवडताना लोक स्वभावसाम्य पाहतात, ते अपुरे आहे. आधी खिडक्या मोजा. फायटरच्या सबक्लासला ३, ७, १०, १५ आणि १८ या लेव्हलला जागा आहे, रोगला ३, ९, १३ आणि १७ ला. रोगवर पाटकरी बसवलात तर ३ ते ९ या मोठ्या पट्ट्यात, जिथे बहुतेक मोहिमा प्रत्यक्षात खेळल्या जातात, तुमच्या क्लासला नवे काहीच मिळणार नाही. फायटर घेतलात तर ५व्या लेव्हलचा दुसरा हल्ला आपोआप येतो, म्हणून पाण्याचा फासा दोनऐवजी एकदाच टाकावा लागेल. ही तडजोड आहे. चालते, पण तुमच्या आजोबांचा पाटकरी त्यात फायटरच्या वेषात वावरेल. आणखी एक: होमब्रू खाजगी ठेवा. एकदा सार्वजनिक केलेला होमब्रू जागच्या जागी दुरुस्त करता येत नाही, नवी आवृत्ती काढावी लागते.

रोल२० वर २०१४ च्या नियमांसाठीच्या प्रचलित शीटमध्ये कस्टम क्लासची सोय आहे. नाव, हिट डाय, सेव्हिंग थ्रो आणि स्पेल स्लॉटचा प्रकार भरला की शीट तेवढा हिशेब सांभाळते. लेव्हलनुसार येणाऱ्या क्षमता मात्र प्रत्येक खेळाडूने हाताने टाकायच्या आणि पाणीपाळ्यांचा आकडा हाताने बदलायचा. एकच जण पाटकरी होणार असेल तर यात काही अडचण नाही.

तुमच्या गटाला मी फाउंड्री सुचवतो. परवाना एकाने एकदाच विकत घ्यायचा असतो, बाकीचे ब्राउझरमधून येतात. पाचव्या आवृत्तीच्या सिस्टिममध्ये क्लास ही एक आयटम आहे आणि तिच्यात ॲडव्हान्समेंट नावाचा विभाग आहे. तुमच्या वहीतल्या २० ओळी जवळपास जशाच्या तशा तेथे उतरतात. हिट पॉइंट, क्षमता देणे, अनेकांतून एक निवडू देणे, सबक्लास, ॲबिलिटी स्कोअर वाढवणे, यांसाठी वेगवेगळे प्रकार आहेत. आपल्याला सर्वांत मोलाचा प्रकार म्हणजे स्केल व्हॅल्यू. पाणीपाळ्यांसाठी संख्येची एक स्केल व्हॅल्यू करा आणि केवळ १, ५, ९, १३ व १७ या ओळी भरा. मधल्या ओळी आधीचा आकडा आपोआप पुढे नेतात. फाशासाठी दुसरी करा. मग ‘पाणी सोडणे’ ही क्षमता वेगळी आयटम म्हणून लिहा, तिच्या कमाल वापरांच्या चौकटीत आकड्याऐवजी त्या स्केल व्हॅल्यूचा संदर्भ द्या, भरपाई शॉर्ट रेस्टवर ठेवा आणि शत्रू, सोबती व जमीन अशा तीन ॲक्टिव्हिटी तिच्याखाली ठेवून प्रत्येकीला त्याच साठ्यातून एक वापर खर्च करायला लावा. तीन वेगळ्या क्षमता करून प्रत्येकीला वेगळा साठा दिलात तर तीनही फडांना एकदमच पाणी मिळेल आणि क्लासचा कणाच मोडेल.

येथे मराठीत काम करणाऱ्यांना एक हमखास ठेच लागते. क्लासच्या नावाच्या चौकटीत ‘पाटकरी’ असे देवनागरीत खुशाल लिहा, ते सगळीकडे व्यवस्थित दिसते. आयडेंटिफायर नावाची चौकट मात्र रोमन अक्षरे, आकडे, आडवी रेघ आणि अधोरेषा एवढेच स्वीकारते, आणि सर्व सूत्रे नावावर न चालता आयडेंटिफायरवर चालतात. ती चौकट स्वतः रोमन लिपीत भरा आणि सबक्लासमध्ये मूळ क्लासचा आयडेंटिफायर अक्षरशः तसाच उतरवा. एखादे अक्षर इकडेतिकडे झाले तर चूक दाखवणारा संदेश येईलच असे नाही. पाणीपाळ्यांच्या जागी शून्य दिसेल किंवा सबक्लास क्लासला चिकटणारच नाही, आणि आपण दुसरीकडेच दोष शोधत बसू.

मल्टिक्लासिंगची, म्हणजे एकाच पात्राने एकाहून अधिक क्लास घेण्याची, तरतूदही तेथेच करा. सेव्हिंग थ्रो आणि शस्त्रांचे प्रावीण्य देणाऱ्या ॲडव्हान्समेंटला, हा पात्राचा पहिला क्लास असेल तरच लागू, असे बंधन घालता येते. दुसरा क्लास म्हणून आलेल्याला सेव्हिंग थ्रो कधीच मिळत नाहीत. शस्त्रांपैकी भाला आणि काठी एवढे पुरे.

क्लास तयार झाला की थेट १०व्या लेव्हलचे पात्र करून पाहू नका. १ पासून सुरुवात करून एकेक लेव्हल चढवा, कारण प्रत्येक पायरीवर कोणती खिडकी उघडते आणि कोणती उघडायची राहते, ते तेव्हाच कळते. ५ आणि ११ या लेव्हलला थांबून एकेक खोटी लढाई खेळा. मग दोन लेव्हल खाली उतरवा आणि दिलेल्या क्षमता परत जातात का ते पाहा. शेवटी फायटरची एक लेव्हल जोडून पाणीपाळ्यांचा आकडा हलला नाही, याची खात्री करा. हे सगळे एका संध्याकाळचे काम आहे. फाउंड्री घरच्या संगणकावर चालवणार असाल तर आणखी एक गोष्ट आधीच तपासा: आपल्याकडील बऱ्याच इंटरनेट जोडण्यांवर घराला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे बाहेरगावच्या खेळाडूला आत येता येत नाही. अशा वेळी भाड्याचा सर्व्हर घेणे सोपे पडते, आणि ऐन लढाईत वीज गेली तरी टेबल चालू राहते.

हा क्लास पुढे इतरांना द्यायचा विचार असेल तर नियमांची मूळ भाषा सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंटमधूनच घ्या. त्याची ५.१ ही आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुली झाली, ५.२ ही आवृत्ती २०२५ मध्ये. श्रेयाची ठरलेली ओळ द्यावी लागते. त्यात बाराही क्लास आहेत, पण प्रत्येकाचा एकच सबक्लास आहे. छापील पुस्तकातल्या इतर सबक्लासांचा मजकूर त्या परवान्यात येत नाही. आपल्या पाच जणांत खेळण्यासाठी यातले काहीच करावे लागत नाही.

शेवटची गोष्ट दुरुस्त्यांची. फाउंड्रीत क्लास पात्रावर टाकला की त्याची स्वतंत्र प्रत पात्रावर बसते. नंतर कंपेंडियम या साठवणीच्या संग्रहातली मूळ आयटम तुम्ही सुधारली तरी ती प्रत जुनीच राहते. जागल्याची ‘हाक’ मी रात्री दुरुस्त केली आणि पुढच्या शनिवारी त्या मुलाच्या शीटवर पुन्हा ४ हाच आकडा पाहिला, तो यामुळेच. तेव्हापासून मी क्लासच्या वर्णनाची पहिली ओळ आवृत्ती क्रमांक आणि तारखेसाठी राखून ठेवतो, आणि सत्र सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाला आपल्या शीटवरची ती ओळ मोठ्याने वाचायला सांगतो. तुम्हीही पाटकऱ्याची पहिली आवृत्ती ०.१ म्हणून ठेवा, ३ऱ्या लेव्हलपर्यंतच लिहा आणि चार शनिवार खेळून पाहा. पुढच्या सतरा ओळी तोवर वहीत पेन्सिलीने लिहिलेल्या असू द्या.